रोजची शहरातली फेरी आणि शेतघराचा उतार : वापरलेली फोर-व्हील ड्राइव्ह गाडी निवडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका चौकोनी कुटुंबाचे आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुलगी शाळेत आहे आणि पत्नीच्या आई त्यांच्याजवळच राहतात. आईंचे वय सत्तरीच्या पुढे असून दोन्ही गुडघे दुखरे आहेत. गाडी तपासणे आणि सल्ला देणे एवढ्यापुरता मी या व्यवहारात होतो. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तांत्रिक बाबी मात्र जशा घडल्या तशाच दिल्या आहेत.

गाडीचा त्यांचा वापर दोन तऱ्हांचा होता. आठवड्याचे पाच दिवस शहरात घर ते कार्यालय जाता-येता १२ किलोमीटर आणि मधूनच आईंना व्यायामोपचारासाठी नेणे. महिन्यातून दोन-तीनदा शेतघराकडे जाणे, म्हणजे ९० किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटी जेमतेम ३ किलोमीटर कच्चा रस्ता. याआधी हे सगळे एका छोट्या पेट्रोल गाडीवर चालले होते. कोरड्या दिवसांत ती गाडी शेतघरापर्यंत विनातक्रार जाई. पावसाच्या महिन्यांत ती डांबरी रस्त्याच्या टोकालाच उभी करून सामान डोक्या-खांद्यावर न्यावे लागे.

एका पावसाळी संध्याकाळी, आई गाडीत असल्यामुळे, पतीने गाडी खाली उतरवण्याचे धाडस केले. ओढ्याकडच्या उतारावर चाके धरेनाशी झाली. ब्रेकवर पाय असूनही गाडी वीस-पंचवीस पावले घसरत गेली आणि वळणावरच्या मातीच्या बांधाला टेकून थांबली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या रात्री घरात ठरले की आता फोर-व्हील ड्राइव्ह घ्यायची, आणि नवी परवडणारी नसल्याने वापरलेली घ्यायची.

अडचण नेमकी कोणती होती

माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा प्रश्न तयार होता: ‘चिखलात न अडकणारी, दणकट गाडी कोणती?’ त्यांच्या मनात चढाचे चित्र होते. चाके जागच्या जागी फिरताहेत, गाडी वर सरकत नाही आणि म्हणून जास्त ताकदीची गाडी हवी, असा त्यांचा विचार होता. घडलेला प्रसंग मात्र उतारावरचा होता. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटला आणि पुढचे बरेचसे निर्णय त्यावरच बेतले गेले.

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली म्हणून गाडी ब्रेक लावल्यावर लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात आणि थांबण्याची क्षमता शेवटी टायर व जमीन यांच्या पकडीवर ठरते. निसरड्या उतारावर ज्याचा खरा उपयोग होतो ती गोष्ट म्हणजे लो-रेंज, अर्थात ट्रान्स्फर केसमधला (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलकडे वाटणाऱ्या पेटीतला) जादा गिअर, जो गाडीचा वेग साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणतो. लो-रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचून धरते. पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी जखडलेले असतील तर हा विरोध दोन्हीकडे पोहोचतो, त्यामुळे चाके ब्रेकने जशी एकाएकी जाम होतात तशी होत नाहीत. चालकाला ब्रेकला पाय न लावता माणसाच्या चालीने खाली उतरता येते. लो-रेंजचे नाव निघाले की लोक ओढण्याच्या ताकदीबद्दल बोलतात. माझ्या अनुभवात कुटुंबाच्या गाडीत तिचे मोठे काम सावकाश उतरण्याचेच असते.

रस्त्याची मोजणी

गाडी पाहण्याआधी रस्ता पाहू, असा आग्रह मी धरला. पतींना तो सुरुवातीला वेळकाढूपणा वाटला, कारण त्यांनी तोवर तीन विक्रेत्यांशी बोलणी केली होती. तरी एका रविवारी आम्ही मोजपट्टी, एक सरळ काठी आणि मोबाइलमधले उतार मोजण्याचे साधन घेऊन तो रस्ता पायी चाललो.

डांबर संपल्यावर २.१ किलोमीटर खडीचा, खड्ड्यांचा पण टणक रस्ता आहे. तिथे कोणतीही गाडी सावकाश चालते. त्यानंतर २२० मीटरचा चिकणमातीचा उतार लागतो, सर्वांत तीव्र भागात तो साधारण सहास एक, म्हणजे सुमारे साडेनऊ अंश भरला. उताराच्या तळाशी डावीकडे वळण, लगेच ओढा, आणि पलीकडे शेतघरापर्यंत ६०० मीटर सपाट वाट. या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या होत्या आणि दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा सगळ्यांत वाईट ठिकाणी चाकोरीच्या तळापासून १८० मिलिमीटर होता. ओढ्यात त्या दिवशी घोट्याएवढे पाणी होते. काठच्या दगडांवरच्या पाण्याच्या खुणा आणि शेजारच्या शेतकऱ्यांचे सांगणे यांवरून, पावसाळ्यात नेहमी असणारी पातळी ३५० मिलिमीटरच्या आसपास धरली. त्याहून अधिक पाणी असेल तर कोणत्याही गाडीने ओलांडायचे नाही, हे तिथेच काठावर उभे राहून ठरवले.

म्हणजे सुमारे १८६ किलोमीटरच्या जाण्या-येण्यात खरी परीक्षा पाहणारा रस्ता एका बाजूला ८२० मीटर होता. कोरड्या दिवसांत त्यातलाही उतार छोट्या गाडीला जमत होता. या आकड्यांनी घरातली चर्चा एकदम बदलली. मोठे टायर, पुढची विंच, छतावरचे कॅरिअर या सगळ्या गोष्टी यादीतून आपोआप गळल्या. राहिल्या चार गरजा: सुमारे २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालची मोकळी उंची, उतारावर ताबा ठेवणारी यंत्रणा, ३५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची उत्पादकाने दिलेली मुभा, आणि आईंना चढता येईल अशी बैठक.

चौथी गरज पत्नीने मांडली आणि तिला कोणत्याही तांत्रिक बाबीइतकेच वजन द्यायला लावले. त्यांनी आईंना घरातल्या वेगवेगळ्या उंचीच्या आसनांवर बसवून पाहिले होते. साधारण ७०० मिलिमीटरच्या आसनावर आई विनासायास टेकत. त्याहून उंच असेल तर पायाखाली काहीतरी घ्यावे लागे.

कोणते पर्याय विचारात घेतले

गाडी न बदलण्याचा पर्यायही होता: पावसाळ्यात दरवेळी भाड्याने फोर-व्हील ड्राइव्ह घेणे. वर्षातल्या मोजून दहा-बारा फेऱ्यांसाठी तो स्वस्त पडला असता. परंतु आईंची तब्येत पाहून ऐनवेळी निघावे किंवा परतावे लागे, आणि कच्च्या रस्त्यावर न्यायला गाडी देणारे कोणी सहजी मिळेना. तो बाजूला पडला. छोटी गाडी ठेवून दुसरी जुनी जीप केवळ शेतासाठी घेणे हा दुसरा विचार. दोन गाड्यांची जागा, विमा आणि देखभाल पाहता तोही मागे पडला. शिवाय महिन्यातून दोन-तीनदाच चालणारी जुनी गाडी बॅटरी, ब्रेक आणि रबरी भाग यांच्या दृष्टीने रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा अधिक कुरकुर करते. तिसरा पर्याय रस्ताच सुधारण्याचा होता. त्यावर आम्ही दहा मिनिटेही बोललो नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

एकच गाडी घ्यायची म्हटल्यावर कोणत्या प्रकारची, हे ठरवणे आले. इथे थोडे खोलात जाणे भाग आहे, कारण ‘फोर बाय फोर’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या यंत्रणा विकल्या जातात.

पहिली पार्ट-टाइम. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपासून आजच्या सुझुकी जिम्नीपर्यंत ही परंपरा चालत आली आहे. एरवी गाडी मागच्या चाकांवर चालते. लिव्हर टाकली की पुढचा एक्सल मागच्याशी घट्ट जोडला जातो. दोन्ही एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शिअल मध्ये नसते. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर ही जोडणी चालू ठेवली तर सगळ्या शाफ्टमध्ये पीळ साठत जातो, स्टिअरिंग जड होते आणि कधीकधी लिव्हर परत निघेनाशी होते. घसरड्या मातीवर चाके थोडी घसरून हा पीळ सुटतो. यंत्रणा साधी आणि टिकाऊ आहे, पण ओल्या डांबरी रस्त्यावर तिचा उपयोग जवळपास नाही.

दुसरी फुल-टाइम. १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये आणि १९७७ च्या लाडा निवामध्ये ती होती. मधल्या डिफरन्शिअलमुळे चारही चाके सदैव जोडलेली राहूनही पीळ बसत नाही, आणि गरज पडेल तेव्हा ते मधले डिफरन्शिअल लॉक करता येते. लॉक न करता एक चाक हवेत गेले तर सगळी ताकद त्याच चाकातून वाया जाते, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

तिसरी यंत्रणा गरजेपुरती जोडणारी. गाडी बहुधा पुढच्या चाकांवर चालते आणि पुढची चाके घसरू लागली की एक मल्टिप्लेट क्लच मागच्या चाकांना ताकद देतो. रोजच्या वापराला ती सगळ्यांत सुखाची असते. तिच्यात लो-रेंज सहसा नसते, आणि बराच वेळ घसरत राहिल्यास क्लच तापून स्वतःला सोडवून घेतो.

दर महिन्यात शंभरातले नव्वदहून अधिक किलोमीटर डांबरावरचे असल्यामुळे पत्नीचा कल तिसऱ्या प्रकाराकडे होता आणि पतींचा पहिल्याकडे. मी दुसरा सुचवला, मात्र तीनही प्रकारांतली एकेक गाडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ठरवू नये असे सांगितले. पैशांबाबत एक नियम आधीच केला: एकूण रकमेतले ७० टक्के खरेदीला, २० टक्के पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला आणि १० टक्के हात न लावता राखीव. वापरलेल्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये झिजणारे भाग साध्या गाडीपेक्षा जास्त असतात. सगळी रक्कम खरेदीत घालणारा माणूस पहिल्या मोठ्या दुरुस्तीला गाडी विकायला काढतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तीन गाड्यांची तपासणी

पहिली गाडी ११ वर्षांची, पार्ट-टाइम, डिझेल, दणकट चासीची. बाहेरून चकचकीत आणि खालून ताज्या काळ्या लेपाने माखलेली होती. मला त्या लेपाचीच शंका आली. जुन्या चासीच्या पोकळ पट्ट्यांत चिखल साचतो, ओल धरतो आणि गंज आतून बाहेर येतो. वरून लावलेला लेप तेवढे दिवस झाकण घालतो. लिफ्टवर गाडी चढवून मी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पट्टी टोकापासून टोकापर्यंत ठोकत गेलो. पुढे खणखणीत आवाज येत होता. मागच्या स्प्रिंगच्या आधाराजवळ तो एकदम बसका झाला, आणि तिसऱ्या ठोक्याला नखाएवढा पापुद्रा सुटून माझ्या मनगटावर पडला. त्याची बाहेरची बाजू काळ्या लेपाची आणि आतली बाजू तांबूस भुगा झालेली होती. तिथून पुढे त्या गाडीबद्दल बोलण्यासारखे फारसे राहिले नव्हते. तरी पतींचे मन तिच्यात गुंतले होते म्हणून खडीच्या मैदानात फोर-व्हीलची लिव्हर टाकून पाहिली. दिवा लुकलुकत राहिला, स्थिर झाला नाही. बाहेर उभे राहून पाहिले तर मागची चाके खडी उडवत होती आणि पुढची जागची हलत नव्हती. आधीच्या मालकाने ही जोडणी कधी वापरलीच नसावी. पार्ट-टाइम यंत्रणा महिन्यातून एकदा तरी घसरड्या जमिनीवर काही अंतर चालवावी लागते, नाहीतर जोडणारे भाग जागीच धरतात.

या गाडीला आणखी एक अडचण होती, जी गंज नसता तरी मी पुढे केली असती. तिच्या धुरांड्यात काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, होती. साठलेली काजळी जळून जायला धुराचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते आणि त्यासाठी सलग, बऱ्या वेगाचा प्रवास लागतो. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा किलोमीटरच्या शहरी फेऱ्यांत ते घडत नाही. शेतीच्या बाजूने डिझेल योग्य आणि रोजच्या बाजूने अयोग्य, अशी ही पेचाची जागा होती. आईंची बैठकही तिथे ८६० मिलिमीटरवर होती. त्या दोघांच्या आधारानेच चढल्या.

दुसरी गाडी ६ वर्षांची, गरजेपुरती जोडणारी, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ७२,००० किलोमीटर चाललेली. बैठक ६९० मिलिमीटर. आई टेकल्या आणि हसल्या. पत्नीने मनातून तिथेच पसंती दिली. ग्राउंड क्लिअरन्स १९५ मिलिमीटर होता, भरल्या गाडीत थोडा कमी, म्हणजे चाकोऱ्यांपुरता काठावरचा. विक्रेत्याने ‘दोन टायर नवे टाकलेत’ असे कौतुकाने सांगितले. मोजले तर पुढच्या टायरच्या खाचा ८ मिलिमीटर खोल आणि मागच्या ३ मिलिमीटर. त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात ३१ मिलिमीटरचा. सुमारे २२०० मिलिमीटर घेराच्या टायरला हा फरक १.४ टक्के पडतो. प्रत्येक किलोमीटरमागे पुढच्या-मागच्या चाकांत १४ मीटरची तफावत, जी मधल्या क्लचने सोसायची. काही उत्पादक चारही टायरच्या घेरातला फरक ६ मिलिमीटरच्या आसपासच ठेवायला सांगतात. रिकाम्या आवारात स्टिअरिंग पूर्ण वळवून चालीच्या वेगाने दोन गोल चकरा मारल्या, तेव्हा मागून थरथर आणि घासल्यासारखी ओढ स्पष्ट जाणवली.

तिच्यात उतारासाठी आपोआप वेग आवरणारे बटण होते. ही सोय ब्रेक आळीपाळीने धरून-सोडून काम करते. जवळच्या मातीच्या उतारावर पाणी ओतून पाहिले. गाडीने ताबा सोडला नाही, परंतु ताशी ८-९ किलोमीटरच्या खाली ती येईना आणि एका ओल्या पट्ट्यावर हातभर घसरली. मोकळ्या उतारावर एवढे चालून जाईल. आमच्या उताराच्या तळाशी वळण आणि ओढा होता.

तिसरी गाडी १२ वर्षांची, फुल-टाइम, मधले डिफरन्शिअल लॉक होणारी, लो-रेंजसह, पेट्रोल, हाताने गिअर बदलण्याची, १,६३,००० किलोमीटर. दिसायला तीनांत सगळ्यांत उतरलेली. मडगार्डवर ओरखडे आणि आसनाचे कापड विरलेले. मालकाने मात्र सर्व्हिसच्या पावत्यांची जाड फाइल पुढे ठेवली. टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्सचे, ट्रान्स्फर केसचे आणि दोन्ही डिफरन्शिअलचे तेल कधी, किती किलोमीटरवर बदलले याच्या नोंदी सलग होत्या. डिफरन्शिअलच्या तेलाची नोंद ठेवणारा मालक विरळा, हे मी पत्नीला मुद्दाम दाखवले.

लिफ्टवर दोष सापडलेच. ट्रान्स्फर केसच्या मागच्या सीलमधून तेल झिरपत होते, पुढच्या खालच्या आर्मचे बुश तडकले होते आणि उजव्या सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या वळत्या सांध्याचे, रबरी बूट फाटून रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडाले होते. चासीच्या आवाजात कुठे बसकेपणा नव्हता. मागच्या डिफरन्शिअलचा प्लग उघडला तेव्हा त्याच्या चुंबकावर करडी, बोटाने पुसता येणारी मऊ पेस्ट होती. अशी पेस्ट नेहमीच्या झिजेची असते. चकचकीत कपचे किंवा दाताचा तुकडा मिळाला असता तर तिथेच नमस्कार केला असता. तेल दुधट नव्हते, म्हणजे आत पाणी शिरलेले नव्हते. सेंट्रल लॉक, म्हणजे मधल्या डिफरन्शिअलचे लॉक, लावल्यावर दिवा काही मीटर लुकलुकला आणि मग स्थिर झाला. दात जुळेपर्यंत असे होणे ठीकच असते. पहिल्या गाडीत तो स्थिरच होत नव्हता.

पाणी ओतलेल्या त्याच उतारावर ती लो-रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, सेंट्रल लॉक लावून, दोन्ही पाय पेडलवरून काढून उतरवली. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास, वेग ताशी ५ किलोमीटर. मी शेजारी चालत होतो आणि मला पावले लांबवावी लागली नाहीत. पत्नी स्वतः दुसऱ्यांदा चालवून खाली आल्या, आणि ‘आई बसलेली असताना मला हेच हवे’ एवढेच म्हणाल्या.

निर्णय

तरीही निर्णय सरळ नव्हता. दुसऱ्या गाडीला चार नवे टायर आणि क्लचचे तेल दिले असते तर ती पुढची पाच वर्षे रोजच्या वापराला निश्चित सरस ठरली असती. तिसरीत क्लच-गिअरची दगदग, जास्त इंधन आणि ७४० मिलिमीटरची बैठक स्वीकारावी लागणार होती. मी दोघांना एकच गोष्ट वेगवेगळी लिहायला सांगितली: कोणत्या गाडीतली कोणती उणीव पैशाने किंवा सवयीने भरून निघेल आणि कोणती निघणार नाही. दोघांच्या कागदांवर जवळपास सारखेच उतरले. बैठक पायरीने, दगदग सवयीने, गळके सील दुरुस्तीने भरून निघणार होते. दुसऱ्या गाडीला लो-रेंज कुठूनही आणता येणार नव्हती आणि पोटाखालची उंचीही तिथल्या तिथेच राहणार होती.

तिसरी गाडी घ्यायचे ठरले. दुरुस्तीचा लेखी अंदाज सांगितलेल्या किमतीच्या ९ टक्के होता. मालकाने ६ टक्के कमी केले. गाडीवर कर्जाचा बोजा नाही आणि चासी क्रमांक कागदांशी जुळतो, हे पैसे देण्याआधी पाहून घेतले.

पुढे काय झाले

पहिल्याच पंधरवड्यात सील, बुश आणि बूट बदलले. आईंसाठी दाराखाली पक्की पायरी आणि आत हाताला धरायला कडे बसवले. चौदा महिन्यांत गाडी १७,४०० किलोमीटर चालली. दुरुस्तीसाठी ठेवलेल्या २० टक्क्यांपैकी १३ टक्के खर्च झाले. त्यात एक रेडिएटर आणि चार टायर आले. इंधनाचा खर्च छोट्या गाडीच्या दीडपटीहून थोडा वर गेला. आम्ही धरलेल्या अंदाजापेक्षा तो जास्त होता, कारण शहरातल्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते, ही बाब मी डिझेलच्या गाळणीबाबत लक्षात ठेवली आणि पेट्रोलच्या हिशोबात विसरलो.

पावसाळ्यात उतारावर एकदाही अडचण आली नाही. अडचण आली ती सपाट वाटेवर, पाचव्या महिन्यात. चाकोरीतल्या धारदार दगडाने मागच्या डाव्या टायरची बाजू कापली. स्टेपनी काढली तर ती २१५/६५ आर १६ मापाची निघाली. गाडीचे टायर २२५/७० आर १६ होते. व्यासात सुमारे ३५ मिलिमीटर आणि घेरात ११० मिलिमीटरहून अधिक फरक, म्हणजे जवळपास ५ टक्के. ज्या फरकावरून मी दुसरी गाडी नाकारायला सांगितले होते, त्याच्या तिपटीहून अधिक फरक या गाडीच्या पोटाखाली टांगलेला होता. तपासणीच्या दिवशी मी स्टेपनीची हवा पाहिली आणि टायरवरच्या चार अंकांवरून बनवल्याचा आठवडा व वर्ष वाचले, पण माप वाचले नाही. ही चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवशी ओढा आणि चढ त्यांनी लॉक लावून पार केला, कारण मातीवर पीळ सुटतो. डांबर लागताच लॉक काढून ताशी ४० किलोमीटरच्या आत ३८ किलोमीटर दूरच्या टायरवाल्यापर्यंत गेले. यंत्रणेचे नुकसान झाले नाही. दिवस मात्र पूर्ण गेला आणि आई दोन तास रस्त्याकडेला बसून राहिल्या.

काय वेगळे करता आले असते

स्टेपनीचे माप आता माझ्या तपासणीच्या पहिल्या ओळीत आहे. फुल-टाइम गाडीत पाचवे चाक इतर चार चाकांइतकेच महत्त्वाचे, आणि शक्य असेल तर पाचही टायर आळीपाळीने फिरवावेत म्हणजे झीज सारखी राहते.

दुसरे, रस्त्याची मोजणी कोरड्या दिवशी केली. चाकोरीतला उंचवटा आणि उतार त्यामुळे नेमके मोजता आले, पण पाणी कुठून येऊन उतारावर पसरते हे दिसले नाही. ते पहिल्या पावसाळ्यात दिसले. वरच्या शेताचे पाणी बांधाच्या एका खिंडारातून थेट रस्त्यावर येत होते आणि सबंध २२० मीटर त्यावरूनच वाहत होते. शेजाऱ्यांच्या संमतीने खिंडार बुजवले, उताराच्या वरच्या अंगाला हातभर खोल चर खणून पाणी ओढ्यात सोडले आणि तीव्र भागावर खडी पसरली. दोन माणसांचे चार दिवसांचे काम. त्यानंतरच्या पावसात उतार ओला राहतो, पण चिखल होत नाही. गेल्या तीन महिन्यांत लो-रेंज फक्त दोनदा लावावी लागली.

यावरून पत्नीने मला सरळ विचारले की हे काम आधी केले असते तर दुसरी गाडी चालली असती का. मी प्रामाणिकपणे सांगितले की उतारापुरती चालली असती. चाकोरीतल्या १८० मिलिमीटर उंचवट्यावर ती भरल्या वजनानिशी घासली असती, आणि ओढ्यासाठी तिच्या पुस्तिकेतली पाण्याची मर्यादा ३०० मिलिमीटरच होती. तरीही क्रम चुकला होता. पाणी कुठे जाते ते आधी पाहून, चर आधी खणून, मग गाड्या पाहायला निघालो असतो तर गरजांची यादी आणखी आखूड झाली असती. कदाचित अधिक क्लिअरन्सची, ऑटोमॅटिक, कमी वयाची एखादी गाडी त्या यादीत बसली असती, आणि रोजच्या शहरी फेरीत त्यांना ते बरे वाटले असते. रस्ता सुधारण्याच्या पर्यायावर आम्ही दहा मिनिटेही दिली नाहीत, ती किमान एक पावसाळी दुपार द्यायला हवी होती.

ओढ्याच्या अलीकडच्या काठावर त्यांनी आता एक उभा दगड रोवला आहे आणि त्यावर ३५० मिलिमीटरवर पांढरी रेघ मारली आहे. रेघ पाण्याखाली असेल त्या दिवशी गाडी अलीकडेच उभी राहते आणि फोन करून ट्रॅक्टर बोलावला जातो. मागच्या पावसाळ्यात असे चार वेळा झाले.